धाकट्या सिलिंडरचा ढेकर

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

"सोड."

सुजातानं मोटारसायकलच्या हँडलवरचा क्लचचा लिव्हर सोडला आणि कान घराकडे लावला. आत आत्याबाई बाळाला न्हाऊ घालत होत्या. पाण्याचा आवाज थांबला होता, रडण्याचाही थांबला होता. रडणं ऐकू आलं की सुजाताचा जीव खालीवर व्हायचा, आणि ऐकू आलं नाही की जास्त व्हायचा.

"बुडबुडा आला," इंजिनाखालून आनंदराव म्हणाले.

"मग ते चांगलं की वाईट?"

"आला ते चांगलं. अजून येतायत ते वाईट. दाब."

लिव्हर गुळगुळीत आत गेला, हँडलला टेकला आणि काहीच झालं नाही. ओल्या कापसाची उशी दाबावी तसा. वडाच्या पारावर बसलेल्या चिमाजीनं तंबाखू मळता मळता मान हलवली. शेजारच्या या म्हाताऱ्याला मळ्यात पाणी सोडायचं होतं, पण मास्तरांची गाडी उघडलेली असली की त्याचा पाय दारातून निघत नसे.

"मानूस चंद्रावर जाऊन माघारी आला," तो म्हणाला, "आन् मास्तरची गाडी वडाखालनं हलंना."

आनंदराव नसरापूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. बिऱ्हाड वरवे बुद्रुकला. जाण्यायेण्यासाठी त्यांनी लष्कराच्या लिलावातली ही मोटारसायकल घेतली होती. वजनानं म्हैस, आणि क्लच एवढा जड की नसरापूर गाठेपर्यंत डाव्या हाताला पेटके यायचे. त्यातून क्लचची तार महिन्या दोन महिन्यांनी तुटायची. शेवटी त्यांनी तारेचाच नाद सोडला. पुण्याच्या जुन्या बाजारातून भंगारातल्या मोटारीचे दोन सिलिंडर आणले. एक हँडलवर, दुसरा खाली इंजिनापाशी, मधे ब्रेक ऑईलनं भरलेली नळी. वरच्यानं तेल ढकलायचं, तेलानं खालच्याला ढकलायचं, खालच्यानं क्लचला. भंगारवाला वरच्याला मालक म्हणायचा आणि खालच्याला गडी. आनंदराव घरी येऊन तसंच म्हणू लागले, तेव्हा सुजातानं हरकत घेतली.

"आपल्या दारात मालक आणि गडी नकोत. एवढ्यासाठी शिकलो का आपण?"

तेव्हापासून ते थोरला आणि धाकटा झाले.

पुढच्या रविवारी वैशाख पौर्णिमा होती. वेल्ह्याकडच्या त्यांच्या गावी बुद्धवंदनेला सगळी भावकी जमणार होती आणि प्रज्ञाला पहिल्यांदा पाहणार होती. चार महिन्यांचं पोर एसटीच्या गर्दीत, धुरात, कुणाकुणाच्या खोकल्यात न्यायचं सुजाताच्या मनात नव्हतं. त्यामुळे तिची या मोटारसायकलवर श्रद्धा नसली तरी भिस्त होती.

"तेल संपलं," आनंदराव हात पुसत म्हणाले. "फळीवरची बाटली आण. ब्रेक ऑईलची. मी आत आलो तर आत्या रॉकेलच्या वासानं ओरडेल."

ब्रेक ऑईलचा डबा गळका निघाला होता, म्हणून त्यांनी ते शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या, काचेच्या घट्ट बुचाच्या बाटलीत ओतलं होतं. सुजातानं त्यावर कागदाची पट्टी चिकटवली होती: ब्रेक ऑईल. विषारी. खाली तांबड्या शाईची रेघ. फळीवरच्या सगळ्याच बाटल्यांना तिनं अशा पट्ट्या लावल्या होत्या. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं अक्षरं मोठी काढली होती.

ती आत गेली. फळीवर एरंडेलाची जुनी, ढिल्या बुचाची बाटली होती. शेजारची जागा रिकामी होती.

पाळण्यापाशी आत्याबाई बाळाच्या अंगावर धुरी फिरवत बसल्या होत्या. ठकुबाई त्यांचं नाव, आनंदरावांची आत्या, बाळंतपणाला म्हणून गावाहून आलेल्या आणि बाळाच्या मायेनं राहिलेल्या. प्रज्ञा हे नाव त्यांच्या जिभेवर बसत नसे, म्हणून त्या तिला पुतळा म्हणायच्या. त्यांच्या मांडीशेजारी चमचा होता, चमच्याला तेल लागलं होतं आणि चमच्याशेजारी काचेच्या बुचाची बाटली होती. तांबडी रेघ दारातूनही दिसत होती.

"आत्याबाई," सुजाता म्हणाली. तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. "बाळाला काय दिलंत?"

"एरंडेल. आज आइतवार न्हाई का? लई नाटकं केली बगा पुतळानं, तोंड वाकडं केलं, पर गिळलं समदं."

"कुठल्या बाटलीतलं?"

"ह्या. दुसऱ्या कुठल्या?"

"ह्याच बाटलीतलं? नक्की?"

"व्हय, ह्याच. अगं, ती बाटली म्या—"

पुढचं सुजातानं ऐकलं नाही. तिनं पाळण्यातून बाळ उचललं, दुसऱ्या हातानं बाटली उचलली आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या पायात चप्पल नव्हती.

"अहो, बाळाला ब्रेक ऑईल पाजलं."

आनंदरावांच्या हातातला पाना खाली पडला. त्यांनी बाटली पाहिली, बाळ पाहिलं. बाळानं त्यांना पाहून हात हलवले.

"हसतेय," आनंदराव म्हणाले.

"म्हणूनच भीती वाटते. रविवारी एरंडेल घेतल्यावर ती कधी हसते का?"

भोरला डॉक्टरांकडे जायला हवं, यावर दोघांचं एकमत झालं. कसं जायचं, यावर होईना. सकाळची एसटी मघाशीच गेली होती आणि पुढची दुपारी होती. मोठ्या रस्त्यावर जाऊन ट्रकला हात करावा, तर रविवारचा ट्रक थांबेल तेव्हा खरा.

"बैलगाडी हाय की," चिमाजी उठून म्हणाला. "बैलं तेवडी वढ्याला गेल्यात. आनायला धाडतो."

"चिमाजीकाका, बैलगाडीनं भोरला पोचायला संध्याकाळ होईल."

"ते बी खरंच. पर पोचंल तरी. ही कुठं पोचती?" त्यानं मोटारसायकलकडे बोट केलं.

"क्लचशिवाय पण गाडी सुरू करता येते," आनंदराव म्हणाले. "ढकलून. फक्त थांबवता येत नाही."

सुजातानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट्यानं पुन्हा खाली बसले. "दे ती बाटली. तेल भरू, हवा काढू आणि निघू."

"ही बाटली मिळायची नाही. डॉक्टरांना दाखवायला हवी. नेमकं काय पोटात गेलंय ते त्यांना कळायला नको?"

"अर्धं ओतून घेतो."

"थेंबसुद्धा नाही."

"मग नळीत काय घालू? पाणी?"

"ते तुम्ही बघा. विज्ञान तुमचं आहे."

आनंदरावांनी डोकं धरलं. मग एकदम उठले, आत गेले आणि फळीवरची दुसरी बाटली घेऊन आले. तिच्यावर सुजाताच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: एरंडेल. बाळाचं.

"कुठंतरी वाचलंय मी," ते म्हणाले, "ब्रेक ऑईल बनवताना एरंडेल वापरतात. घट्ट असतं, उन्हानं पातळ होत नाही. बघूच."

सकाळपासून हातांना रॉकेल होतं, नाकाला रॉकेल होतं. एरंडेलाचा वास त्यांना येण्याची शक्यता नव्हती. त्यांनी बाटली थोरल्या सिलिंडरच्या टाकीत रिकामी केली.

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "अगं पोरी, ऐक तरी. त्या बाटलीतलं—"

"आत्याबाई, आत्ता काही बोलू नका. माझी हात जोडून विनंती आहे." सुजाताला खरोखर हात जोडता आले नाहीत, कारण एका हातात बाळ होतं आणि दुसऱ्यात बाटली. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

बाळ आता कुणाच्याही हातात द्यायचं नाही असं सुजातानं ठरवलं होतं, म्हणून लिव्हर दाबायला चिमाजी पुढे झाला.

"दाबा."

"दाबलं."

"धरा."

"धरलं की."

"सोडा."

बुडबुडे येत राहिले. लिव्हर तसाच मऊ. चिमाजी मन लावून दाबत होता, जशी काही धार काढतोय. सुजाता बाळाला खांद्यावर घेऊन अंगणात येरझारा घालत होती. बाळाचे ओठ निळे दिसतात का, ते ती पाहत होती. ओठ गुलाबी होते. मग तिला वाटलं की जरा जास्तच गुलाबी आहेत. नकळत तिचा हात बाळाच्या पाठीवर थोपटत होता. तेवढ्यात बाळानं तिच्या कानापाशी भला मोठा ढेकर दिला.

सुजाता थबकली. तिनं बाळाकडे पाहिलं, मग खाली वाकून धाकट्या सिलिंडरकडे पाहिलं. धाकटा लोहारानं केलेल्या पट्टीवर आडवा बसवला होता, आणि ज्या छोट्या तोटीतून हवा निघायची ती तोटी जमिनीकडे तोंड करून होती.

"अहो, ह्याला आडवा का निजवलाय?"

"पट्टीवर तसाच बसतो."

"बाळाला दूध पाजून आडवं निजवलं तर ढेकर निघतो का? उभं धरावं लागतं, तोंड वर करून. हवा वर जाते. तुम्ही खालून काढताय."

सातवीच्या वर्गाला हवा पाण्यात वर का येते हे आनंदरावांनी याच वर्षी शिकवलं होतं, आणि एका मुलाला उत्तर चुकलं म्हणून बाकावर उभंही केलं होतं. त्यांनी दोन बोल्ट सोडले, धाकट्याला पट्टीवरून काढून हातात घेतलं, त्याचा दट्ट्या अंगठ्यानं आत दाबून धरला आणि तोटी वर केली.

"पाठीवर थोपटा," सुजाता म्हणाली.

"कुणाच्या?"

"त्याच्या."

आनंदरावांनी पान्याच्या मुठीनं धाकट्याला हळूहळू ठोकलं. "दाबा, काका." तोटीतून 'भुर्रक' असा आवाज झाला, फेसाचा एक मोठा गोळा आला, आणि त्यामागून नितळ तेलाची धार. पुन्हा दाबलं, नुसतं तेल. तोटी बंद केली, धाकटा जागेवर बसवला. चिमाजीनं लिव्हर दाबला आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"आता खरा लागतोय हाताला. जिवंत झालं बेनं."

एकाच किकेत गाडी पेटली. सुजाता बाळाला पदरात गुंडाळून मागे बसली, बाटली पिशवीत, पिशवी गळ्यात. इंजिनाच्या आवाजात आत्याबाई रस्त्यापर्यंत धावत आल्या, हातवारे करत, ओरडत. सुजातानं मागे वळून पाहिलं आणि तिला वाटलं, आता कितीही रडल्या तरी काय उपयोग.

मोठा रस्ता लागला, चेलाडी मागे पडली. सुजाता बाळाच्या नाकापुढे बोट धरून श्वास मोजत होती आणि वाऱ्यामुळे तिला काही कळत नव्हतं. बाळाला मोटारसायकल फार आवडली होती. ते मोठमोठ्यानं हुंकार देत होतं. सुजाताच्या मनात आलं, बालसंगोपनाच्या पुस्तकात झटक्यांविषयी काय लिहिलं होतं?

कापूरहोळला भोरकडे वळायच्या तोंडाशीच धनगरांची मेंढरं रस्ताभर पसरलेली. आनंदरावांनी क्लच दाबला. गाडी गुरगुरत जागच्या जागी उभी राहिली. हात अवघडला नाही, इंजिन बंद पडलं नाही. मेंढरं निवांत चालली होती.

"बघितलंस?" आनंदराव मागे मान वळवून म्हणाले. "एरंडेल."

"मेंढरांना आधी हाकला."

"नाही, पण विचार कर. खेडोपाडी ब्रेक ऑईल मिळत नाही. एरंडेल कुठल्याही वाण्याकडे मिळतं. मी शाळेच्या प्रदर्शनात मांडतो हे. एखादा लेखही होईल."

"लेखात शेवटी काय लिहाल? की लेखकाच्या मुलीचं काय झालं?"

आनंदरावांनी मान पुढे वळवली. पण मधल्या चढावर गिअर बदलताना ते पुन्हा हळूच म्हणाले, "लोण्यासारखा चालतोय," आणि सुजातानं त्यांच्या पाठीत कोपर मारलं.

भोरच्या डॉक्टरांचा दवाखाना बाजारपेठेत होता आणि बिऱ्हाड वर माडीवर. रविवार असूनही ते खाली येऊन बसले. सुजातानं सगळं एका दमात सांगितलं आणि बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी बाळाचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, पोट दाबलं. बाळानं त्यांची स्टेथोस्कोपची नळी धरली. मग त्यांनी बाटलीचं बूच काढून वास घेतला, थेंबभर तळहातावर घेऊन चोळलं आणि बोटाचं टोक जिभेला लावलं.

"डॉक्टर," सुजाता ओरडलीच. "ते विष आहे."

"बाई, लहानपणी माझं नाक दाबून हे मला दर आठवड्याला पाजलंय. ही चव माणूस मरेपर्यंत विसरत नाही." डॉक्टरांनी तोंड कडवट केलं. "हे एरंडेल आहे. चांगल्यापैकी, घाण्याचं."

"पण पट्टीवर लिहिलंय."

"पट्टी मी चाटली नाही."

त्या क्षणी बाळानं स्वतःच पुरावा दिला. डॉक्टरांच्या टेबलावर, त्यांच्या बाहीवर आणि थोडा आनंदरावांच्या पँटवर. एवढा सज्जड पुरावा की आणखी कशाची गरज उरली नाही. सुजाता खुर्चीत बसली आणि रडायला लागली. रडता रडता ती बाळाचे पाय पुसत होती आणि हसतही होती.

"काही झालेलं नाही तिला," डॉक्टर बाही धुता धुता म्हणाले. "एक नियम करा. बाळाला काहीही द्यायच्या आधी मोठ्यांनी चाखायचं. लिहिलेलं वाचून भागत नाही."

आनंदराव मात्र खिडकीपाशी उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद यायचा तो अर्ध्यात थांबला होता.

"मग ह्या बाटलीत एरंडेल," ते सावकाश म्हणाले, "म्हणजे त्या बाटलीत..."

"ब्रेक ऑईल," सुजाता म्हणाली.

"म्हणजे क्लचमध्ये..."

"तेच. जे असायला हवं ते."

परतीच्या वाटेवर गाडी तितकीच लोण्यासारखी चालली. लेखाचा विषय निघाला नाही.

आत्याबाई रस्त्याच्या कडेला चिमाजीच्या बायकोशेजारी बसून होत्या, सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता. गाडी थांबताच त्यांनी बाळ ओढून घेतलं आणि सगळीकडून चाचपून पाहिलं.

"काही झालं नाही तिला, आत्याबाई. एरंडेलच होतं," सुजाता म्हणाली. "पण त्या बाटलीत गेलं कसं?"

"म्या घातलं. मगाधरनं तेच सांगतीया, तू बोलू देशील तर. सकाळी आन्याची बाटली रिकामी क्येली, राखंनं घासली, उकळत्या पान्यानं धुतली, चुलीपाशी वाळवली, आन् त्यात पुतळाचं तेल भरलं. आन्याचं तेल टाकवंना, म्हनून ढिल्या बाटलीत ठिवलं."

"पण कशाला?"

आत्याबाईंनी तिच्याकडे नवलानं पाहिलं. "तूच न्हाई का सांगितलंस? बाळाचं जे आसंल ते घट्ट बुचात. भांडं उकळून. ढिल्या बुचाचं बाळाला द्यायचं न्हाई. धाडधाड धा येळा सांगितलंस. मला काय कळतंय, म्हनून केलं बया तुज्या म्हनन्यापरमानं."

त्या दुपारी सुजातानं ओल्या फडक्यानं फळीवरच्या सगळ्या पट्ट्या काढून टाकल्या आणि डॉक्टरांचा नियम मनात पक्का केला.

वैशाख पौर्णिमेचा रविवार उजाडला. प्रज्ञाला एरंडेल द्यायचं होतं. सुजातानं नव्या बाटलीतला थेंब जिभेवर ठेवला. एरंडेलच वाटलं. पण डॉक्टरांना लहानपणापासूनची चव पाठ होती. तिच्या माहेरी एरंडेलाची चाल नव्हती. थेंबावर काय कळणार? तिनं जेवणाचा मोठा चमचा घेतला आणि भरून प्यायली. एरंडेल. तरी खात्रीला आणखी एक घेतला.

"एकट्याच्या साक्षीवर विज्ञान चालत नाही," आनंदराव म्हणाले, आणि त्यांनीही दोन घेतले.

मग बाळाला छोट्या चमच्यानं दिलं. बाळानं तोंड वाकडं केलं, त्यामुळे सुजाताला फार बरं वाटलं.

तास-दीड तासात सगळी तयारी झाली. पांढरी साडी, पांढरा सदरा, बाळाला पांढरं झबलं, पिशवीत फुलं. आनंदरावांनी गाडी पेटवली, चिमाजीला दाखवायला म्हणून गिअरात टाकली आणि क्लच दाबून धरला. गाडी जागच्या जागी शहाण्यासारखी गुरगुरत राहिली.

"ह्याला म्हनत्यात काम," चिमाजी म्हणाला.

"तुम्ही दाबून बघा. हात बघा किती हलका येतो."

चिमाजीनं मोठ्या आनंदानं लिव्हर हातात घेतला. त्याच वेळी आनंदरावांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा ओढलं गेलं. त्यांनी पोटावर हात ठेवला. "काका, तेवढा धरा, सोडलात तर गाडी सुटेल. आलोच," ते म्हणाले आणि घराच्या मागच्या बाजूला निघून गेले, आधी भरभर आणि मग पळत. तिथं दार आतून बंद होतं. सुजाता मघाशीच गेली होती.

अंगणात आत्याबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. घरातलं तेवढं एकच माणूस निघायला तयार होतं.

"मास्तर," बऱ्याच वेळानं चिमाजीनं हाक मारली. त्याचा हात भरून यायला लागला होता. "धरलंय म्या. आता सोडू का?"

घरामागून क्षीण आवाज आला.

"धरा."